बचाव पक्षाच्या बाकावरचा डॉक्टर

१९०५ सालच्या मे महिन्यात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात आल्फ्रेड आणि आल्बर्ट स्ट्रॅटन या दोघा भावांवर खुनाचा खटला उभा राहिला. डेप्टफर्डच्या हाय स्ट्रीटवर रंग आणि तेलाचे एक दुकान होते. तेथील वृद्ध व्यवस्थापक टॉमस फॅरो आणि त्यांची पत्नी अ‍ॅन यांच्यावर २७ मार्चच्या पहाटे घरात घुसून हल्ला झाला होता. टॉमस जागीच गेले, अ‍ॅन काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावल्या. दुकानाची रोख पेटी फोडलेली होती आणि तिच्या आतल्या पत्र्यावर घामाने उमटलेला एक अंगठा होता. हा अंगठा आल्फ्रेडचा आहे, असे स्कॉटलंड यार्डचे म्हणणे होते. बोटाच्या ठशाच्या आधारे ब्रिटनमध्ये खून शाबीत करण्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्या न्यायालयात बचाव पक्षाचे सल्लागार म्हणून स्टॅफर्डशायरमधील एक डॉक्टर हजर होते. वय एकसष्ट. नाव हेन्री फॉल्ड्स. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, ही कल्पना पंचवीस वर्षांपूर्वी जगापुढे सर्वप्रथम छापून मांडणारा माणूस तो हाच. आपल्याच कल्पनेचा पहिला मोठा विजय होऊ घातलेला असताना हा गृहस्थ समोरच्या बाजूला कसा, याचे उत्तर त्या काळच्या बहुतेकांनी एका शब्दात दिले: मत्सर. उत्तर अगदीच खोटे नव्हते. मात्र ते अर्धेच होते, आणि उरलेले अर्धे समजायला जगाला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

फॉल्ड्स यांचा जन्म १ जून १८४३ रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील बीथ या लहानशा गावी झाला. ग्लासगोहून बीथकडे जाताना वाटेत पेस्ली लागते; आपल्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव चिकटले ते हेच. घरची परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी शाळा सोडून मुलाला ग्लासगोत कारकुनी पत्करावी लागली. एकविसाव्या वर्षी त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली, ग्लासगो विद्यापीठात गणित, तर्कशास्त्र आणि अभिजात भाषांचा अभ्यास केला आणि त्यानंतर अँडरसन्स कॉलेजातून वैद्यकाचा परवाना मिळवला. मिशनरी डॉक्टर म्हणून त्यांची पहिली नेमणूक हिंदुस्थानात झाली. १८७१ साली चर्च ऑफ स्कॉटलंडने त्यांना दार्जिलिंगला पाठवले. तेथील गोरगरिबांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे वर्षभर काम केले.

खरी कर्मभूमी पुढे होती. १८७३ साली युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चने त्यांना जपानमध्ये वैद्यकीय मिशन उभारण्यासाठी नेमले. त्याच वर्षी इझाबेला विल्सन यांच्याशी विवाह झाला आणि डिसेंबरात नवदांपत्य जहाजावर चढले. टोकियोच्या त्सुकिजी भागात, परदेशी लोकांसाठी राखून ठेवलेल्या वसाहतीत, फॉल्ड्स यांनी रुग्णालय सुरू केले. लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जपानी शल्यचिकित्सकांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा हात होता. अंधांसाठी काम करणाऱ्या तिथल्या पहिल्या संस्थेच्या स्थापनेत ते होते, कॉलऱ्याशी झुंजण्यात ते होते. १८८२ पर्यंत त्यांच्या रुग्णालयात वर्षाला सुमारे १५,००० रुग्ण येऊ लागले. जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली होती. ठशांचा विषय त्यांच्या आयुष्यात आला नसता, तरीही टोकियोने त्यांची आठवण ठेवली असती.

तो विषय आला तो मडक्यांच्या तुकड्यांतून. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी टोकियोजवळ ओमोरी येथे शिंपल्यांच्या प्राचीन ढिगाऱ्यांचे उत्खनन केले होते. तेथल्यासारखी प्रागैतिहासिक खापरे न्याहाळताना फॉल्ड्स यांना ओल्या मातीत रुतलेल्या कुंभाराच्या बोटांच्या खुणा दिसल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या बोटांवरच्या बारीक कडा जशाच्या तशा. त्यांनी स्वतःच्या बोटांचे ठसे घेतले, मग मित्रांचे, विद्यार्थ्यांचे, रुग्णांचे. आपल्याकडे लहान मुलांच्या बोटांवरची चक्रे मोजण्याची हौस घरोघरी असते. किती चक्रे, किती शंख, यावरून भाग्य सांगणारी एखादी आजी असतेच. फॉल्ड्स यांना भाग्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना जाणून घ्यायचे होते की ही नक्षी माणसागणिक वेगळी असते का आणि ती टिकते का. त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने बोटांच्या कडा वस्तऱ्याने खरवडून पाहिल्या, वेगवेगळ्या प्रकारे झिजवून पाहिल्या. कातडी भरून आली की तीच नक्षी परतत असे.

या अभ्यासाचा उपयोग करण्याची वेळ लवकरच आली. रुग्णालयातील शुद्ध अल्कोहोल कोणीतरी पीत होते आणि भांड्यावर तेलकट बोटे उमटली होती. फॉल्ड्स यांच्या संग्रहात ती नक्षी आधीच होती. चोर घरचाच निघाला. दुसऱ्या प्रसंगी एका पांढऱ्या भिंतीवर चढून गेलेल्या माणसाच्या काजळी लागलेल्या बोटांच्या खुणा सापडल्या. ज्याच्यावर संशय होता त्याचे ठसे त्यांच्याशी जुळेनात, आणि तो निर्दोष असल्याचे त्यावरून दिसून आले. या दुसऱ्या प्रसंगापाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. गुन्ह्याच्या तपासात ठशांचा जो अगदी पहिला वापर नोंदला गेला, त्यात एक निरपराध माणूस सुटलेला आहे.

तपासशास्त्र आज ठशांचे जे प्रकार मानते ते सारे फॉल्ड्स यांच्या या टोकियोतील अनुभवात जवळजवळ सापडतात. काजळी, रक्त किंवा रंगाने माखलेल्या बोटाचा, उघड्या डोळ्यांना दिसणारा ठसा हा एक. ओल्या मातीत, मेणात, लांबीत रुतून बसलेला ठसा हा दुसरा. कुंभाराच्या बोटांचा होता तसा. घाम आणि तेलकटपणा यांमुळे उमटणारा, सहसा भुकटी टाकल्याशिवाय किंवा उजेड तिरपा पाडल्याशिवाय नजरेत न भरणारा सुप्त ठसा हा तिसरा. यांखेरीज ज्याच्याशी तुलना करायची तो, शाई लावून सावकाश घेतलेला दहा बोटांचा नोंदीचा ठसा. यांपैकी पहिले तिन्ही अपघाताने पडतात: अर्धवट, घसरलेले, एकावर एक आलेले. चौथा मुद्दाम, नीट घेतला जातो. हा फरक ध्यानात ठेवावा. फॉल्ड्स यांच्या पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ त्यात आहे.

फेब्रुवारी १८८० मध्ये त्यांनी चार्ल्स डार्विन यांना पत्र लिहून आपले निष्कर्ष कळवले. डार्विन थकले होते. त्यांनी ते पत्र फ्रान्सिस गाल्टन यांच्याकडे पाठवले. गाल्टन म्हणजे डार्विन यांच्या सावत्र आत्याचे चिरंजीव. त्यांनी ते अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटकडे सोपवले, आणि तेथे ते पडून राहिले. फॉल्ड्स मात्र थांबले नाहीत. २८ ऑक्टोबर १८८० च्या ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात टोकियोतील दोन्ही प्रसंग होते आणि गुन्हेगारांच्या शोधासाठी ठसे वापरण्याची स्पष्ट सूचना होती.

महिन्याभरातच ‘नेचर’मध्ये दुसरे पत्र झळकले. ते सर विल्यम हर्शेल यांचे होते. बंगालमध्ये सनदी अधिकारी असताना १८५८ साली त्यांनी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीच्या करारावर सहीबरोबर पूर्ण पंजाचा ठसा घेतला होता. पुढे करार नाकारण्याची त्याची छाती होऊ नये, एवढाच हेतू. नंतर हुगळी जिल्ह्यात निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग यांसाठी त्यांनी बोटांचे ठसे घेण्याची पद्धत पाडली होती. आपल्या जुन्या खरेदीखतांवर आजही दिसणारी निशाणी डावा अंगठा ही याच घराण्यातली. हर्शेल यांचा दावा खरा होता. पण त्यांनी यातले काही छापलेले नव्हते, आणि गुन्ह्याच्या जागी पडलेल्या ठशाचा विचार केलेला नव्हता.

इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. समोर उभा असलेला हा माणूस कोण, हा पहिला. या वस्तूवर हात कोणाचा पडला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला माणूस हजर असतो, दहा बोटे हजर असतात, शाई हवी तेवढी असते. हर्शेल यांनी पहिल्याचे उत्तर दिले, फॉल्ड्स यांनी दुसऱ्याचे. ब्रिटनच्या व्हिसासाठी काचेवर बोटे टेकवताना आपण देतो ते उत्तर पहिल्या प्रश्नाचे. डेप्टफर्डच्या पेटीवरचा अंगठा दुसऱ्याचा.

१८८६ साली मिशनशी बिनसल्यावर फॉल्ड्स ब्रिटनला परतले. ठशांचे कार्यालय उभारून दाखवतो, हवे तर स्वखर्चाने, अशी त्यांनी स्कॉटलंड यार्डला विनंती केली. नकार आला. त्यांनी पोलीस सर्जन म्हणून आधी लंडनमध्ये आणि मग स्टोक-ऑन-ट्रेंटजवळच्या फेंटन गावी काम धरले. तोवर गाल्टन यांनी हा विषय हाती घेतला होता. त्यांचा १८९२ सालचा ठशांवरचा ग्रंथ मोलाचा आहे यात वाद नाही. कड कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, या सूक्ष्म खुणांची तुलना त्यांनी शास्त्राच्या पायावर आणली आणि दोन बोटांचे ठसे तंतोतंत सारखे असण्याची शक्यता ६४ अब्जांत एक असल्याचे गणित मांडले. पण ग्रंथात श्रेयाचे माप हर्शेल यांच्या पदरात पडले आणि फॉल्ड्स ओझरते उरले. हर्शेल हे थोर खगोलशास्त्रज्ञांच्या कुळातले, उमराव घराण्यातले. गाल्टन डार्विन यांचे आप्त. फॉल्ड्स हे बीथचे, एके काळचे कारकून. अहवाल कोणी लिहिला आणि मुखपृष्ठावर नाव कोणाचे आले, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना कार्यालयात येत असतो. फॉल्ड्स यांना तो व्हिक्टोरियन इंग्लंडच्या साऱ्या प्रतिष्ठितांकडून एकदमच आला. त्यांचा स्वभावही त्यांना साथ देणारा नव्हता. ते पत्रांमागून पत्रे लिहीत, जुने उकरून काढीत, आणि हर्शेल यांच्या प्रामाणिकपणावरच शंका घेत. अशा माणसाची बाजू खरी असली, तरी ती ऐकायला लोक कंटाळतात.

इकडे कलकत्त्यात त्याच श्रेयनाट्याचा वेगळा अंक चालू होता. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालचे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण सुटसुटीत केले. दहा बोटांच्या नोंदी १,०२४ कप्प्यांत विभागून हवी ती नोंद चटकन काढता येईल, अशी ती रचना. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले. पद्धतीला नाव हेन्री यांचे मिळाले. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हे किताब लाभले, आणि त्यांच्या वाट्याचे श्रेय उशिरा, हप्त्याहप्त्याने मान्य झाले.

बंगालमधल्या एका खटल्याचा इथे उल्लेख हवाच. १८९८ साली जलपाईगुडीच्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला. लुटलेल्या पेटीतल्या बंगाली पंचांगाच्या मुखपृष्ठावर तपकिरी डाग होते. त्यातला एक कांगाली चरण या जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. चोरीच्या आधीच्या शिक्षेमुळे त्याची नोंद दप्तरी होती. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल धरले नाही. अंगठ्यावरून तो पेटीपर्यंत पोहोचल्याचे ठरत होते. त्याने गळा चिरल्याचे ठरत नव्हते. त्यानंतरच्याच वर्षी, १८९९ मध्ये, भारतीय पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात बोटांच्या ठशांची भर पडली. ते कलम तज्ज्ञांच्या मताविषयीचे होते. म्हणजे ठसेतज्ज्ञ जे सांगतो ते त्याचे मत आहे, ही भूमिका हिंदुस्थानातल्या कायद्यात तेव्हापासून लिहिलेली आहे.

१९०१ साली हेन्री लंडनला आले आणि स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग सुरू झाला. पुढच्या वर्षी घरफोडी करून बिलियर्डचे चेंडू चोरणारा हॅरी जॅक्सन खिडकीच्या ओल्या रंगावरील अंगठ्यामुळे सात वर्षे तुरुंगात गेला. मग आले डेप्टफर्ड.

या खटल्यात पोलिसांनी काम चोख केले होते. फॅरो दांपत्याचे आणि पेटीला हात लागलेल्या पोलिसाचेही ठसे घेऊन ते आधी वगळले गेले. साक्षीला आलेले चार्ल्स कॉलिन्स यांनी पेटीवरचा अंगठा आणि आल्फ्रेडचा उजवा अंगठा यांत अकरा खुणा जुळत असल्याचे मोठ्या छायाचित्रांवरून ज्यूरीला दाखवले. इतर पुरावाही होता: पळताना आल्फ्रेडला पाहिलेली एक स्त्री, त्याच्या सोबतिणीची साक्ष, कोठडीत आल्बर्टने काढलेले अडचणीचे उद्गार. बचावाचे तज्ज्ञ होते डॉ. जॉन गार्सन. सरकारी वकील रिचर्ड म्यूर यांनी त्यांचेच पत्र त्यांच्यापुढे धरले: एकाच दिवशी त्यांनी दोन्ही पक्षांना साक्षीची तयारी कळवली होती. त्यानंतर गार्सन यांच्या शब्दाला किंमत उरली नाही. फॉल्ड्स यांना बचाव पक्षाने साक्षीला बोलावलेच नाही.

बोलावले असते तर ते काय म्हणाले असते, हे त्यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकावरून आणि नंतरच्या लेखनावरून समजते. दहा बोटांच्या स्वच्छ नोंदीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण गुन्ह्याच्या जागेवरचा एकच, पुसट ठसा हा त्याच खात्रीने स्वीकारण्याला त्यांचा विरोध होता. गाल्टन यांचे ६४ अब्ज पूर्ण, स्पष्ट ठशाविषयी होते. अर्ध्या अंगठ्याला ते आपोआप लागू होत नाहीत. दोन वेगळ्या बोटांचे तुकडे किती सारखे दिसू शकतात, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, आणि तो झाल्याशिवाय केवळ तेवढ्यावर माणसाला फासावर चढवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती चॅनेल यांनीही ज्यूरीला केवळ ठशावर विसंबू नये असेच बजावले होते. दोन तासांच्या आसपास विचार करून ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरवले. २३ मे रोजी दोघे भाऊ फासावर गेले.

ते दोघे बहुधा अपराधी होते. फॉल्ड्स यांचे दुर्दैव असे की, योग्य शंका घेण्यासाठी त्यांना अयोग्य खटला मिळाला. निकालानंतर ठशांचा दबदबा वाढत गेला आणि शंका घेणारा डॉक्टर हा नाराज, चिडका म्हातारा ठरला. त्यांनी १९१२ साली आणखी एक ग्रंथ लिहिला, पुढे या विषयाला वाहिलेले नियतकालिकही काढून पाहिले. १९१७ च्या जानेवारीत हर्शेल यांनी ‘नेचर’मधील पत्रात, गुन्ह्याच्या तपासासाठी ठशांची कल्पना प्रथम प्रसिद्ध केल्याचे श्रेय फॉल्ड्स यांचे असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. त्याच वर्षी हर्शेल वारले. सरकार दरबारी मात्र काही हलले नाही. १९२२ साली दवाखाना विकून फॉल्ड्स जवळच्याच वुल्स्टंटन येथे राहायला गेले आणि मार्च १९३० मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, मनातला कडवटपणा तसाच ठेवून गेले. त्यांची दुर्लक्षित समाधी १९८७ साली दुरुस्त केली ती दोन अमेरिकन ठसेतज्ज्ञांनी.

दहा वर्षांनंतर, जानेवारी १९९७ मध्ये, एअरशायरमध्येच किल्मार्नॉक येथे एका महिलेचा तिच्या घरात खून झाला. न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवर सापडलेला अंगठा तपासातल्याच एका महिला पोलीस अधिकाऱ्याचा असल्याचे ठसेतज्ज्ञांनी सांगितले. आपण त्या घरात पाऊलही टाकले नव्हते, असे तिने शपथेवर सांगितले, तेव्हा तिच्यावरच खोट्या साक्षीचा खटला भरण्यात आला. १९९९ साली ती निर्दोष सुटली. एका पत्र्याच्या डब्यावरील ठशाच्या आधारे खुनासाठी शिक्षा झालेल्या तरुणाचीही शिक्षा २००२ साली रद्द झाली; तो ठसाही चुकीचा जुळवलेला होता. पोलीस अधिकाऱ्याला २००६ साली साडेसात लाख पौंडांची भरपाई मिळाली. नोकरी तोवर गेलेली होती. २०११ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला. तज्ज्ञांनी कट केला नव्हता, चूक केली होती, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि ठशांच्या पुराव्याकडे निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून न पाहता तज्ज्ञाचे मत म्हणून पाहावे, अशी त्याची शिफारस होती.

किल्मार्नॉकहून बीथ मोटारीने फार दूर नाही. गावात फॉल्ड्स यांचे स्मारक आहे. त्सुकिजीतही, जिथे ते राहत असत तिथे, त्यांच्या नावाचा दगड उभा आहे.